चारापासून सुरू होणारा टेप

मापसाहेबांच्या घरातला टेप चारापासून सुरू होतो. सहा वर्षांपूर्वी तो बाथरूमच्या दाराच्या फटीत अडकला, मापसाहेबांनी "येत कसा नाही बघतो" म्हणून हिसका दिला, आणि टेप आला खरा, पण टोकाच्या पत्र्याच्या हुकासकट पहिले चार सेंटिमीटर दारातच राहिले. ते अजूनही तिथेच असावेत. तेव्हापासून घरात नियम झाला. त्या टेपने काहीही मोजा, जो आकडा येईल त्यातून चार वजा करा. नवा टेप घ्या म्हणून बायकोने वर्षातून दोनदा तरी सांगून पाहिलं. मापसाहेबांचं उत्तर ठरलेलं. "तीनशेपैकी दोनशे शहाण्णव शाबूत आहेत. इतके शाबूत तर आपणही नाही."

आता गंमत अशी, की हे गृहस्थ वजनमापांच्या कार्यालयात एकतीस वर्षं नोकरी करत होते. म्हणूनच त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर राहिलं आणि बिल्डिंगभर ते मापसाहेब झाले. दुकानदारांचे तराजू, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या, दूधवाल्यांची मापं, सगळ्यांवर त्यांच्या सहीचा शिक्का. असा शेंडा खुडलेला टेप एखाद्या कापडवाल्याकडे सापडता, तर त्यांनी तो जागच्या जागी जप्त केला असता आणि तीन प्रतींत पंचनामा लिहिला असता. पण स्वतःच्या घरावर कोण धाड घालतं?

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि आक्काचा फोन आला.

आक्का म्हणजे मापसाहेबांची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. मुलींच्या एका वसतिगृहात चौतीस वर्षं मेट्रन होती. चाळीस मुलींची लांबलचक खोली आणि दाराशेजारची पहिली खाट आक्काची. कुणाचं पोट दुखलं, कुणाला आईची आठवण आली, कुणाचं कुणाशी भांडण झालं, की पहिलं पांघरूण ओढलं जायचं ते तिचं. त्याआधी माहेरी सहा भावंडांत ती थोरली, म्हणजे तिचं अंथरूण जाण्यायेण्याच्या वाटेवर, सगळ्यांनी ओलांडायला सोयीचं. आता ती निवृत्त होत होती आणि खाट रिकामी करून द्यायची होती.

"इकडेच ये," मापसाहेब फोनवर म्हणाले. "गॅलरीची खोली करतो. फक्त तुझी."

पलीकडून आक्का म्हणाली, "दार असेल ना रे धाकट्या?"

"दाराशिवाय खोली असते का?"

"लागणारं?"

"म्हणजे?"

"आतून लावता येणारं."

मापसाहेबांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. त्यांना फार वाईट वाटलं होतं. पासष्ट वर्षांच्या बाईने भावाकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, आणि मागून मागून काय, तर दार. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की रविवारी आक्का येईल तेव्हा गॅलरीला दार असेल, आणि ते असं लागेल की मुंगीला आत यायचं तर परवानगी काढावी लागेल.

गॅलरीला काचा होत्या, पंखा होता, खाट आणि कपाटही आलं होतं. चौकटसुद्धा होती. नव्हतं ते दार, कारण पंधरा वर्षांपूर्वी हॉल मोठा दिसावा म्हणून मापसाहेबांनीच ते काढवलं होतं. हॉल काही मोठा दिसला नाही, गॅलरीतला पसारा मात्र छान दिसायला लागला.

"सुताराला बोलवा, तो येऊन माप घेईल," बायको म्हणाली.

मापसाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने पोहणाऱ्याला तांब्याने अंघोळ घालायला माणूस बोलवा म्हटलं होतं. "माप? सुतार घेणार? या घरात?"

झालं. बायको कणीक मळायला निघून गेली. मापसाहेबांनी बाह्या सरसावल्या, चौकटीसमोर उभे राहिले आणि आत आवाज दिला, "टेप आण गं."

"कुठला?" बायकोने विचारलं.

प्रश्न रास्त होता. त्या घरात टेप या एका शब्दावर किती वस्तू जगत होत्या याची शिरगणती कुणी केली नव्हती. खोकी बांधायचा तपकिरी टेप होता. वायरींना गुंडाळायचा काळा टेप होता. पारदर्शक टेप होता, ज्याचं टोक घरात आणल्या दिवसापासून कुणाला सापडलं नव्हतं आणि जो नखाने खरवडून खरवडून एका बाजूने पार केसाळ झाला होता. बायकोचा शिवणाचा कापडी टेप होता, पण तो पेटीकोटाच्या नाडीच्या जागी तात्पुरता गेला होता आणि तात्पुरत्याला दोन वर्षं झाली होती. लेकीने, म्हणजे कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या मापसाहेबांच्या एकुलत्या एक कन्येने, खाली मान घालूनच खणातून हाताला येईल तो टेप आणून दिला. तो काळा निघाला. मग पारदर्शक आला. तिसऱ्या खेपेला एकदाचा तो चारापासून सुरू होणारा पिवळा टेप आला.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले पूलवाले आले. हे निवृत्त इंजिनियर. आयुष्यभर नद्यांवर पूल बांधले, त्यामुळे शेजारच्या घरात खिळा ठोकला तरी त्यांना राहवत नाही.

"चौकट तीन ठिकाणी मोजा," पूलवाले म्हणाले. "वर, मध्ये आणि खाली. चौकटी दगा देतात."

"माझी चौकट देत नाही."

"माझा एक पूल दोन मिलिमीटरने गेला होता."

"कुठे गेला?"

पूलवाल्यांना ते सांगायचं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि देखरेख सुरू केली. उंचीचा प्रश्न नव्हता, दारांची उंची सगळीकडे सारखीच, ती सुताराला पाठ होती. मामला होता रुंदीचा. बायकोने पिठाच्या हाताने टेपचं मोडकं टोक चौकटीच्या एका बाजूला दाबून धरलं, मापसाहेबांनी दुसऱ्या बाजूला जाऊन आकडा वाचला. चौऱ्याण्णव. मनातल्या मनात, ओठसुद्धा न हलवता, त्यांनी चार वजा केले आणि चिठ्ठीवर ठसठशीत लिहिलं, नव्वद. मग टेप सोडला. तो सळसळत परत येताना पूलवाल्यांच्या चष्म्याला शिवून गेला आणि देखरेख त्या दिवसापुरती बंद झाली.

दुसऱ्या दिवशी कळलं, की दाराला सोसायटीची परवानगी लागते. गॅलरी म्हणजे बिल्डिंगचा दर्शनी भाग, असं सेक्रेटरींचं म्हणणं. दार गॅलरीच्या बाहेर नसून आत हॉलच्या बाजूला आहे, रस्त्यावरून ते बघायचं तर माणसाला भिंतीतून बघता आलं पाहिजे, असं मापसाहेबांनी सांगून पाहिलं. सेक्रेटरी ऐकून घेत आणि मग समोरच्या जाड वहीत बघत. त्या वहीत काय होतं ते आजवर कुणी पाहिलेलं नाही.

"अर्ज करा. तीन प्रती. मापासह," ते म्हणाले.

मापसाहेबांना यात अपमान वाटायला हवा होता, पण खरं सांगायचं तर बरंच वाटलं. तीन प्रती म्हटलं की त्यांच्या अंगात वेगळंच बळ येतं. बायकोने त्यांची चिठ्ठी स्वच्छ कागदावर उतरवून दिली. लेकीने तो कागद बघून अर्ज टाइप केला. टाइप करताना ती मध्येच थांबली, कागदाकडे बघून जराशी हसली, आणि पुन्हा टकटक सुरू झाली. मापसाहेबांनी अर्जाची भाषा तपासली, दोन ठिकाणी 'सदर' घातलं, एका 'कृपया'चं 'कृपावंत होऊन' केलं आणि तिन्ही प्रतींवर सही ठोकली. आकड्याकडे त्यांनी पाहिलं नाही. एकतीस वर्षं लोकांचे आकडे तपासलेल्या माणसाला स्वतःचा आकडा तपासायची सवय नसते.

अर्ज तीनदा परत आला. एकदा, फायलीला लाल फीत नाही म्हणून. ती मिळेना, शेवटी लेकीच्या शाळेतल्या वेणीची रिबीन कामी आली. दुसऱ्यांदा, दार कुठल्या बाजूला उघडणार ते लिहिलं नाही म्हणून. "आत," मापसाहेबांनी लिहिलं. कुणाच्या आत, अशी विचारणा आली. "गॅलरीच्या." तिसऱ्यांदा, दाराचा हेतू नमूद नाही म्हणून. मापसाहेब पाच मिनिटं त्या ओळीकडे बघत बसले. मग त्यांनी लिहिलं, "हेतू : लावणे व उघडणे." शुक्रवारी मंजुरी आली. आक्का यायला दोन दिवस उरले होते.

मंजूर अर्जाची प्रत घेऊन मापसाहेब सुताराकडे गेले. सुतार पोक्त माणूस, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. मागे त्याने मापसाहेबांकडे पुस्तकांचा रॅक करून दिला होता.

"घरी येऊन एकदा माप घेऊन जातो," सुतार म्हणाला.

"माप मंजूर आहे. शिक्का आहे बघा."

सुताराने शिक्का पाहिला, आकडा पाहिला, मग मापसाहेबांकडे पाहिलं. "ते जुन्याच टेपने घेतलंय ना?"

"त्याच."

"बरं," सुतार म्हणाला, आणि मान डोलावून त्याने पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं. "काळजी नको साहेब. मी बघतो."

शनिवारी सकाळी दार आलं. सुंदर झालं होतं. सागाच्या रंगाची फळी, पितळी मूठ आणि आतल्या बाजूला चांगली जाडजूड कडी. मापसाहेबांनी कडी तीनदा सरकवून पाहिली. सुताराने गॅलरीत जाऊन बिजागऱ्या बसवल्या, स्क्रू पिळले आणि दार हलकेच चौकटीत लोटलं.

दार चौकटीत गेलं आणि दुसऱ्या बाजूने एक भलीमोठी फट उरली. त्या फटीतून गॅलरीतली खाट दिसत होती, खाटेवरची नवी चादर दिसत होती, चादरीवरची फुलं मोजता आली असती. पूलवाले पुढे झाले, त्यांनी फटीत हात घातला, कोपर गेलं, दंड गेला, आणि खांद्याशी येऊन थांबला.

"दार बारीक झालंय," त्यांनी निदान केलं.

सुताराने स्वतःचा टेप काढला. तो शून्यापासून सुरू होत होता. दार भरलं अठ्ठ्याहत्तर, चौकट नव्वद.

"मी नव्वद दिलं होतं," मापसाहेब म्हणाले. आवाज अगदी हलका झाला होता.

"कागदावर ब्याऐंशी होतं साहेब."

"ब्याऐंशी? आणि ब्याऐंशी होतं तर अठ्ठ्याहत्तर का केलंत?"

सुताराने कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली. "तुमचा टेप चारापासून सुरू होतो, ते मला ठाऊक आहे. मागचा रॅक कोनाड्यात गेला नव्हता, चार सेंटिमीटर बाहेर राहिला होता. म्हटलं, एवढा मोठा माणूस, तोंडावर काय सांगायचं? गुपचूप चार कमी केले."

मापसाहेब लेकीकडे वळले. "ब्याऐंशी कुठून आलं?"

"आईच्या कागदावर शहाऐंशी होतं," लेक म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही दोघंही विसरलात. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तासभर समजावत बसला असता, मग मीच केले वजा."

आता सगळे बायकोकडे बघायला लागले. ती पदराला हात पुसत होती, हात कोरडे होते तरी.

"तुमच्या चिठ्ठीवर नव्वद होतं," ती म्हणाली. "रॅकच्या वेळी तुम्ही चार विसरला होतात. पडद्यांच्या वेळीही. म्हटलं, बहिणीच्या कामात तरी यांना कुणी हसू नये."

मापसाहेब स्टुलावर बसले. त्यांची अवस्था मोठी चमत्कारिक झाली होती. चूक झाली असती तर कबूल करायला ते तयार होते, निदान चार-पाच दिवसांनी. पण इथे त्यांनी उभ्या जन्मात एकदा बरोबर वजाबाकी केली होती, आणि घरातल्या प्रत्येकाने त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या प्रेमापोटी, ती पुन्हा पुन्हा केली होती. रागवायचं तरी कुणावर?

"अहो, पण वजा केलेत असं एका शब्दाने सांगायचं होतंत," बायको म्हणाली.

"नियम पाळला म्हणून कुणी सांगत सुटतं का?"

"या घरात पाळला तर सांगावं लागतं."

मापसाहेब फटीकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे आक्का येत होती. ती म्हणेल, छान आहे रे. चौतीस वर्षं सगळ्याला छानच म्हणत आली ती. मग फटीवर जुनी साडी टांगेल आणि कुणी सोफ्यावर शिंकलं तरी आतून विचारेल, काय रे, सर्दी झाली का?

"पट्टी मारू," सुतार म्हणाला.

सुतारांच्या जगात पट्टी मारून सुटत नाही असा प्रश्न नाही. कपाट वाकडं झालं, पट्टी मारा. टेबल डुगडुगलं, पट्टी मारा. सुताराकडे पिशवीत तीन-तीन सेंटिमीटरच्या चार पट्ट्या निघाल्या. तीन चोक बारा. हिशेब इतका चपखल बसला, की मापसाहेबांच्या जिवात जीव आला. पूलवाले म्हणाले, लाकूड फुगतं, दोन मिलिमीटर मोकळे सोडा. मापसाहेब म्हणाले, या घरात आता कुणीही काहीही कमी करायचं नाही. शपथेवर सांगतो, ती सगळी पडझड त्या एका वाक्याने झाली.

सुताराने दाराच्या कडेला एकापुढे एक चार पट्ट्या गोंद लावून आणि खिळे ठोकून बसवल्या. त्या सरकू नयेत म्हणून वरून तपकिरी टेप गुंडाळला. दार एका बाजूने मलमपट्टी केलेल्या पेशंटासारखं दिसू लागलं. शेवटच्या पट्टीच्या कडेवर त्याने वरपासून खालपर्यंत पिवळा घट्ट गोंद फासला.

"यावर सनमायकाची बारीक पट्टी येणार, म्हणजे जोड दिसणार नाहीत," सुतार म्हणाला. "हा गोंद असा हवेवर जरा सुकू द्यायचा, मग नुसतं दाबलं की संपलं, घोडे लावले तरी निघत नाही. मी रंग जुळवून पट्टी आणतो. अर्ध्या तासात आलोच. तोवर दार तेवढं लावू नका."

मापसाहेबांनी ही सूचना गांभीर्याने घेतली. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत 'दार लावू नये' असं लिहिलं, 'आदेशावरून' अशी खाली पुस्ती जोडली, पारदर्शक टेपचं टोक चक्क दातांनी शोधून काढलं, आणि कागद दाराला हॉलच्या बाजूने चिकटवला. मग दार कुणाला लागू नये म्हणून ते आत गॅलरीच्या भिंतीला पार टेकवून ठेवलं. आता तो आदेश भिंतीला वाचता येत होता.

आणि त्याच वेळी खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. लेकीने खिडकीतून पाहिलं. "बाबा, आत्या."

आक्का एक दिवस आधीच आली होती. वसतिगृहात खाटेवर नवी मेट्रन आली, मग उगाच कुणाच्या वाटेत कशाला, म्हणून निघाले, असं तिने जिन्यातच सांगून टाकलं. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक पिशवी. मापसाहेब आणि पूलवाले ट्रंकेला लटकले. ट्रंक उभी आणावी की आडवी यावर पूलवाल्यांचं मत होतं आणि ते पहिल्या मजल्याच्या वळणावर ऐकून घ्यावं लागलं. लेक पिशवी घ्यायला खाली धावली. बायको चहा टाकायला आत गेली. घरात शिरलेल्या आक्काकडे अर्धा मिनिट कुणाचंच लक्ष नव्हतं.

तिने हॉल पाहिला, मग गॅलरी पाहिली. खाट, चादर, पंखा. आत पाऊल टाकलं आणि बाजूला भिंतीला टेकलेलं दार तिला दिसलं.

जिन्यात मापसाहेबांना धप्प असा आवाज ऐकू आला. त्यांनी ट्रंक सोडली, ती पूलवाल्यांच्या पायावर गेली, पण तो भाग इथे घेत नाही. ते धावत वर आले. दार लागलं होतं. बारा सेंटिमीटर भरणाऱ्या चार पट्ट्या, त्यांच्यामधला गोंद आणि वरचा टेप धरून दार साडेनव्वदला पोचलं होतं, ते काही सहजासहजी बसण्यातलं नव्हतं. पण आक्काने चौतीस वर्षं वसतिगृहाचं लोखंडी फाटक खांद्याने लावलं होतं. तिने खांदा दिला होता. दाराच्या मध्यभागी मापसाहेबांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'दार लावू नये. आदेशावरून.'

"आक्का," मापसाहेब दाराला तोंड लावून म्हणाले, "उघड बघू जरा."

आत खुडबुड झाली. "उघडत नाही रे. कडी तर मी लावलीसुद्धा नाही."

मापसाहेबांनी ढकललं. लेकीने ढकललं. पूलवाल्यांनी एका पायावर उभं राहून तरफेचं तत्त्व समजावलं. दार हललं नाही. सुतार सनमायकाची पट्टी घेऊन आला, त्याने कडेवरून बोट फिरवलं, दारावर मूठ आपटून पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"इतकं घट्ट दार मी आजवर बसवलं नव्हतं," तो म्हणाला.

उपाय एकच होता. बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या, त्यांचे स्क्रू आतूनच काढायचे. स्वयंपाकघराची एक छोटी खिडकी गॅलरीत उघडते, हात जाईल एवढी. बायकोने तिच्यातून आक्काला आधी चहा दिला आणि मग स्क्रूड्रायव्हर.

"आक्का, सहा स्क्रू आहेत," मापसाहेब दाराबाहेरून सांगू लागले. "वरच्यापासून सुरू कर, डावीकडे पिळ."

"हो. ठेवते इथे," आतून आक्का म्हणाली.

वर्दी लागल्यासारखे सेक्रेटरी आले. त्यांनी फाइल आणली होती. "अर्जात हेतू लावणे व उघडणे असा आहे. इथे नुसतं लावणे झालेलं दिसतं," ते म्हणाले. "उघडत नसेल तर नियमाने ही भिंत धरावी लागेल. भिंतीचा अर्ज वेगळा."

"तीन प्रती?" मापसाहेबांनी थकून विचारलं.

"चार."

लेक खिडकीशी गेली. "आत्या, बाथरूमला जायचं असेल तर? आम्ही फोडतो दार."

"अगं, मी चौतीस वर्षं चाळीस मुलींच्या मागे रांगेत उभी राहिले आहे. मला घाई नसते."

सुताराने छिन्नी काढली, कडेवर टेकवली, हातोडा उचलला. आवाज ऐकून आक्काने आतून विचारलं, "काय करताय रे?"

"दार फोडतोय आक्का. चूक झाली. माझंच चुकलं सगळं." मापसाहेबांनी कपाळ दाराला टेकवलं. "तुला एक दार देतो म्हणालो होतो, तेवढंही धड जमलं नाही मला."

"थांब, थांब. हे बाहेरून उघडत नाही ना?"

"नाही."

"म्हणजे मी इथे आहे तोवर कुणी आत येणार नाही?"

"आक्का, तू बोलावलंस तरी येता येणार नाही."

आत खाट करकरली.

"मग राहू दे की जरा," आक्का म्हणाली. "लागलंय तर लागू दे."

सुताराने हातोडा खाली केला. सेक्रेटरींनी फाइल मिटली, कारण अशा उत्तराला त्यांच्याकडे रकाना नव्हता. पूलवाले आपला पाय घेऊन घरी गेले. बायकोने सुताराला चहा दिला आणि सगळे हॉलमध्ये बसून राहिले, कुजबुजत. कुणी मोठ्याने बोललं की मापसाहेब तोंडावर बोट ठेवत.

तासाभराने त्यांना राहवेना. आत काही त्रास होत नसेल ना, घुसमट होत नसेल ना? त्यांनी लेकीला खुणेने खिडकीशी पाठवलं. ती टाचा उंचावून बघून आली.

"काय करतेय?"

"काही नाही," लेक हळूच म्हणाली. "खाटेच्या मधोमध बसलीय, पाय पसरून. चहा पितेय. पंख्याकडे बघतेय. स्क्रूड्रायव्हर कपाटावर ठेवलाय."

मापसाहेब उठले. दाराशी जाऊन उभे राहिले. हात उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला. आणि मग, त्या घरात कुणी कुणासाठी कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. बोट वाकवून दारावर अगदी हळू टकटक केली.

"आक्का, येऊ का?"

आतून उत्तर आलं, शांत, ठणठणीत आवाजात.

"आत्ता नको. मी कामात आहे."